नंदा पिक्चर बघून आली

माझी नणंद नंदा थेटरात जायला तयार होणं म्हणजे म्हशीने आपणहून डबक्यातून बाहेर येणं. टीव्ही तिला चालतो. बघता बघता शेंगा सोलता येतात, मध्येच उठून चुलीवरचं हलवून येता येतं. अंधारात हात मांडीवर ठेवून तीन तास बसायचं हे तिला शिक्षेसारखं वाटतं. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी प्रणिताचा पेणहून फोन आला, "मामी, उद्या आईला घेऊन ये, तिकिटं काढलीत," तेव्हा मी हसलेच. "तूच सांग तिला," म्हटलं आणि फोन नंदाच्या हातात दिला.

प्रणिता ही नंदाची एकुलती एक मुलगी. पेणला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, तिथेच मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते.

"कसला पिक्चर हाय?" नंदाने विचारलं.

"फौजेचा."

"मग नको."

"आई, बंदुका उडवायचा नाही गं तो. वेगळा आहे. साध्या पोरांना तिथं नेऊन त्यांचं काय करतात, माणसाचं जनावर कसं होतं, ते दाखवलंय."

"ते बघायला मी तिकीट काढू? मला फुकट बघायला मिळालंय."

मग प्रणिता काहीतरी हळू आवाजात बोलली. पोरीचं मन नंदाला मोडवेना. फोन मला परत देताना म्हणाली, "तू पण चल, वहिनी. एकटी मी जायची नाय."

आता नंदाचं सगळं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं घर गडबला, हायवेच्या कडेला. मागे शेत. पावसात भात, आणि भात कापला की त्याच ओलीवर वाल. मी लग्न होऊन आले तेव्हा नंदा शाळा सोडून घरी बसलेली होती आणि अख्ख्या गावात तिच्याएवढं मोठ्याने हसणारं कोणी नव्हतं. सासूबाई ओरडायच्या, "हळू हस गो, गाड्या थांबतील." तिचं लग्न झालं रोह्यापलीकडच्या गावातल्या नाथाशी. नाथा फौजेत होता. माझा नवरा बाबाजी, म्हणजे नंदाचा थोरला भाऊ, गावभर सांगत सुटला, "आमचे भावोजी फौजी हायत." तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव फौजीच पडलं.

पहिल्या सुट्टीत फौजी चांगला होता. नंदा स्वतःच सांगते हे, ती खोटं बोलत नाही. मग त्याची बदली वर सरहद्दीकडे झाली आणि तिथून जो माणूस परत आला तो वेगळाच होता. झोपेत ओरडायचा. भांडं पडलं तरी दचकायचा. एकदा आमच्याकडे जेवायला बसला असताना शेजारच्या लग्नात फटाके वाजले. हा पाटावरून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला, कपाळावरून घामाच्या धारा. नंदाने त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि घरी गेल्यावर त्याने तिला मारलं. का, तर चारचौघांत पाठीवरून हात फिरवला म्हणून.

असं सात-आठ वर्षं चाललं. हा सुट्टीवर येणार म्हटलं की नंदाची तब्येत आधी आठवडाभर बिघडायची. दोनदा ती पळून आमच्याकडे आली आणि दोन्ही वेळा बाबाजीने तिला परत पोचवलं. सासूबाई समजूत घालायच्या, "अगो, त्यानं तिथं काय काय बघितलं असेल, तुला मला काय ठाऊक. समजून घे." तिची सासू तेच म्हणायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तेच म्हणायच्या. नंदाने समजून घेतलं. त्याला आवडतं ते रांधलं, भांड्याचा आवाज होऊ दिला नाही, पोरीला हळू रडायला शिकवलं.

तिसऱ्या वेळी आली ती प्रणिताला कडेवर घेऊन. पोर चांगली सहा वर्षांची, चालतीबोलती, तरी कडेवर. काय झालं ते तिने सासूबाईंना आणि मला सांगितलं, आणि पोरीला हे कधी कळता कामा नये म्हणून दोघींना शपथ घातली. दुसऱ्या दिवशी बाबाजी तिला पोचवायला निघाला तर ही दारात कोयता घेऊन बसली. "न्यायचं तर तुकडे करून ने," म्हणाली. बाबाजी त्या दिवशी शेतावर निघून गेला आणि तो विषय तिथेच संपला.

त्यानंतर नंदाने शेतात राबून आणि हायवेवर टपरी टाकून पोरीला शिकवलं. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात काकड्या, बाकी पापड बारमाही. बाई चोख, पण तोंड भारी तिखट. गाडीतून न उतरता काच खाली करून कोणी भाव विचारला की ही आभाळाकडे बघते. उतरून आला तर बोलते.

फौजी रिटायर झाला, रोह्याजवळ वरशाला त्याने फ्लॅट घेतला. दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा झाला, डावी बाजू गेली. त्याची बहीण येऊन जेवण करायची, ती पण दिवाळीनंतर मुलाकडे पनवेलला गेली. हे प्रणिताला कुठूनसं कळलं आणि ती रविवारी रविवारी बापाकडे जायला लागली. नंदाने तिला अडवलं नाही. "तुझा बाप हाय, तू जा," एवढंच म्हणाली.

तर रविवारी आम्ही पेणला गेलो. प्रणिता थेटराबाहेर उभीच होती, तिने आईचा हात धरला तो आत जाईपर्यंत सोडला नाही. नंदाला वाटलं असेल, पोरीला लाड आलेत. मला मात्र तिचा चेहरा बघून काहीतरी शिजतंय असं वाटत होतं.

पिक्चर हिंदी होता. वाईट नव्हता, हे मी सांगून ठेवते. डोंगरातल्या एका गावचा पोरगा भरती होतो. तिथे पहिल्या दिवशी त्याचं नाव काढून घेतात आणि नंबर देतात. आईने दिलेली लाडवांची पुरचुंडी सगळ्यांसमोर मातीत टाकायला लावतात. शिव्या तर अशा की मी पदर तोंडाला लावला. मागे बसलेली कॉलेजची पोरं सुरुवातीला त्या कवायत शिकवणाऱ्या उस्तादाच्या शिव्यांवर टाळ्या पिटत होती. हळूहळू गप्प झाली.

मग तो उन्हाचा प्रसंग आला. भर दुपारी पोरांना मैदानात रांगेत उभं केलंय, सावधान. शिक्षा म्हणून एकाला रांगेपुढे वेगळं काढलंय, तो पाणी मागतोय. बाकीच्यांनी समोर बघायचं, जो मान वळवेल त्याने त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी तिघे-चौघे वळून बघतात. नंतर एकच बघतो. शेवटी पाणी मागणारा खाली कोसळतो आणि कोणाची पापणीसुद्धा हलत नाही. उस्ताद हसतो, म्हणतो, आता तयार झाले.

नंदाने माझं मनगट पकडलं. नखं रुतली.

"वहिनी, हे बघितलंस?"

"व्हय गो."

"हे मला केलंय."

मला ठाऊक होतं. भात लागला म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, फौजी तिला मागच्या अंगणात उन्हात उभी करायचा. हात मांडीला चिकटवून, सरळ. हलायचं नाही. तिची सासू ओसरीवर वाल निवडत बसलेली असायची आणि सुपातून नजर वर काढायची नाही. नंदा आमच्याकडे सांगायची तेव्हा म्हणायची, असली तऱ्हेवाईक शिक्षा याला सुचते तरी कुठून? आज तिला ते कळलं. पडद्यावर तेच ऊन, तसेच हात, तसंच सरळ उभं राहणं.

"शिकून आला आणि माझ्यावर गिरवलं," ती म्हणाली. हळू नाही, चांगली मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

त्यानंतर इंटरव्हलला ती उठली नाही. पॉपकॉर्न आणलं ते तिने हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

पुढच्या भागात त्या पोराची तुकडी एका जंगलातल्या गावात जाते. तिथे हे लोक घरांची झडती घेतात, म्हाताऱ्याला मारतात, आणि आपला नायक आधी बघत राहतो, मग स्वतः मारतो. दिग्दर्शकाने त्याचा चेहरा इतका जवळून दाखवला होता की रडू यावं. मार खाणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा मला आता आठवत नाही, कदाचित दाखवलाच नसेल. शेवटी तो घरी येतो. रात्री बायकोच्या थोबाडीत मारतो आणि स्वतःच खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागतो. बायको त्याचं डोकं मांडीवर घेते. बासरी वाजते. सगळ्या थेटरात नाकं ओढल्याचे आवाज. प्रणिता तर हुंदके देत होती, आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

नंदा उठून उभी राहिली. पॉपकॉर्न सगळं माझ्या अंगावर.

"अगो बये, मांडीवर काय घेतेस त्याला?" ती पडद्याकडे बघून ओरडली. "तुझा गाल बघ आधी! गाल बघ गो तुझा!"

"ओ मावशी, खाली बसा!" मागून कोणीतरी म्हणालं.

"नाय बसणार!" ती पडद्यावरच्या त्या पोराकडे वळली. "तू रडतोस कशाला रे? तुला मारलंय का?"

कोणी हसलं, कोणी शिट्टी मारली. प्रणिता तिला खाली ओढत होती, "आई, प्लीज, आई." शेवटी दिवे लागले तेव्हा सगळे आमच्याकडेच बघत होते. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. नंदाला काहीच वाटत नव्हतं. तिने प्रणिताचा हात झटकला आणि सरळ बाहेर गेली.

एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही बसलो. चहा आला. प्रणिताचे डोळे सुजलेले.

"आई, आता तरी कळलं ना तुला?" ती म्हणाली.

"काय कळायला हवं होतं?"

"बाबा तसे का होते ते. त्यांची चूक नव्हती गं. त्यांना तसं केलं. ते आजारीच होते, कोणी औषध दिलं नाही. त्या मुलासारखेच."

"मला पहिल्या वर्षीच कळलं होतं," नंदा म्हणाली. "मला कळलं नाय असं तुला कोणी सांगितलं? समजून घे, समजून घे, तेवढंच काम दिलेलं मला. पाठ सुजलेली घेऊन समजून घेत होते मी."

"तसं नाही म्हणत मी—"

"मग कसं म्हणतेस?"

प्रणिताने कपाकडे बघत सांगून टाकलं. बापाकडे आता कोणी नाही. तो बाथरूममध्ये पडला होता मागच्या आठवड्यात. फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, गडबला नंदाचे गुडघे दुखतात. तिने बापाला सांगून ठेवलं होतं की आई येईल. दुसरा पलंगसुद्धा आणून टाकला होता.

मी म्हटलं, आता कप फुटतो. पण नंदाने तो नीट बशीत ठेवला.

"म्हणून पिक्चर दाखवलास. पलंग आधी आणलास आणि पिक्चर मग दाखवलास."

"आई, तो माणूस अर्धा मेलाय."

"माणसाचं जनावर केलं म्हणतेस ना? तू लहान होतीस तेव्हा आपल्या आळीत कुत्रं पिसाळलं होतं. विचार मामीला. सरपंचाला चावलं, पोस्टमनला चावलं, आणि रोज भाकर घालायची त्या म्हातारीलापण चावलं. पिसाळलेलं जनावर माणूस बघत नाय गो. तुझा बाप बघायचा. सरपंच आला की खुर्ची द्यायचा. दिराशी वाटणीवरून भांडण झालं, एक बोट नाय लावलं. तुझ्या मामाला दारातून राम राम. आणि दार लावलं की जनावर. दार लावल्यावरच कसं व्हायचं गो जनावर? अं?"

हॉटेलवाला पोळी लाटायचं थांबवून बघत होता.

"चल," नंदा उठली. "पलंग टाकलायस ना? चल दाखव."

"आत्ता?"

"आत्ताच. राग हाय तोवर जाऊ. नंतर मला कीव येईल आणि मग मी तिथं भांडी घासत बसेन."

रोह्याच्या एसटीत नंदाने स्वतः तिकिटं काढली. वडखळला नेहमीची गर्दी. गाडी गडबला आली, आमची टपरी दिसली, वर झाकलेलं निळं प्लास्टिक दिसलं. मी सवयीने पिशवी उचलली. म्हटलं, "अगो, शेंगा तोडायच्या राहिल्यात. सकाळी गिऱ्हाइकाला काय देशील?"

"राहू देत."

ती खिडकीतून बघत नव्हती. समोरच्या सीटची दांडी धरून बसली होती. नागोठणं गेलं. पुढे मला वाटायला लागलं, थंड झाली असेल आता. रोहा स्टँडवर उतरून रिक्षा केली तेव्हा रिक्षावाल्याने सुट्ट्यांवरून काही कुरकुर केली, त्याला तिने असं काही सुनावलं की कळलं, थंड झालेली नाही.

वरशाच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. फौजी खुर्चीत बसला होता. मी त्याला जवळजवळ वीस वर्षांनी बघत होते. केस पांढरे, पण कापलेले तसेच बारीक, दाढी केलेली. डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. आम्हाला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

"ये," तो म्हणाला. जीभ जड होती, तरी शब्द कळत होते. "बस."

"बसायला आले नाय," नंदा म्हणाली. "पोरीने पिक्चर दाखवला आज. तुमच्या फौजेचा. तुम्हाला उन्हात उभं करायचे?"

फौजीने प्रणिताकडे बघितलं, मग खाली.

"व्हय."

"पाणी मागितलं तर कोणी बघायचं नाय?"

"नाय बघायचं."

"तुम्ही मागितलेलं?"

"मागितलेलं." मग म्हणाला, "एकदा पडलो. जीभ कापली गेली दातात. ओकारी आली."

मी नंदाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आल्याचाच तिला संताप आला असावा, कारण तिने ते पालथ्या हाताने पुसलं आणि एक पाऊल पुढे गेली.

"मग कसं लागतं ते तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याला तू म्हणाली. "ठाऊक होतं आणि मला उभं केलंस. ठाऊक नसतं तर एक वेळ मी म्हटलं असतं, येडा हाय. आता पोरीला सांग. आम्ही घर का सोडलं ते तिला सांग. मी सांगणार नाय. तू सांग."

"आई, काय सांगायचंय?" प्रणिताने विचारलं. तिला आम्ही आजवर सांगितलं होतं, बापाकडच्या आजीशी भांडण झालं म्हणून तुम्ही आलात.

पंखा फिरत होता. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती काही चालू होत नव्हती.

"सांग," नंदा म्हणाली.

"तुला उभं केलं होतं," फौजी मुलीला म्हणाला. "अंगणात. फरशीवर. मे महिना होता. दूध सांडलंस म्हणून." त्याने तिच्या पायांकडे बघितलं. "चप्पल काढायला लावली."

प्रणिता स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. त्या पायांना मी पंधरा दिवस कोरफड लावली होती. तळव्यांची कातडी पापडासारखी सुटून आली होती आणि पोर एवढी शहाणी की रडायची ती उशीत तोंड खुपसून.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली.

"व्हय."

"का पण, बाबा?"

मला वाटलं, आता तो फौजेचं सांगेल, सरहद्दीचं सांगेल, आजाराचं सांगेल. प्रणिताला पण तेच हवं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. त्याने म्हटलं असतं तर तिने मानलं असतं.

"तुम्ही दोघी काय करू शकत नाय, ते ठाऊक होतं," तो म्हणाला. "म्हणून."

प्रणिता आतल्या खोलीत गेली. तिथे तो नवा पलंग होता, गादीचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. ती त्यावर बसली नाही, खिडकीशी उभी राहिली. नंदाने आत डोकावून पलंग बघितला आणि म्हणाली, "हा परत दे. नाय घेतला तर कोणाला तरी देऊन टाक." फौजीकडे वळून म्हणाली, "मी येणार नाय. उपाशी मरायला नको, बाई ठेव जेवणाला. पेन्शन हाय तुला." पाणी प्यायलासुद्धा ती थांबली नाही.

प्रणिता त्याच गाडीने पुढे पेणला गेली आणि आम्हा दोघींना घरी यायला अंधार पडला. बाबाजी ओटीवर बसलेला. त्याला कोणाकडून तरी फोन आलाच होता, वरशाला आमच्या गावची दोन घरं आहेत.

"लकवा झालेल्या माणसाला तोंड टाकून आलीस म्हणे," तो नंदाला म्हणाला. "चार लोक काय म्हणतील? काय झालं असेल नसेल, त्यानं देशासाठी सोसलंय. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा."

नंदा पायरीवरच उभी राहिली.

"त्याचं नव्हतं. तुझं होतं ना?" ती म्हणाली. "मला दोनदा तू पोचवलंस. दुसऱ्या वेळी माझा हात मोडलेला, गळ्यात बांधलेला, आणि तू एसटीत माझ्या शेजारी बसून रोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होतास. माझ्याकडं बघायचं नाय हे तू कुठल्या पलटणीत शिकलास, दादा?"

त्या रात्री बाबाजी जेवला नाही. मीही त्याला आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर नंदाला आला तेवढाच मलाही त्याचा राग आला होता, फक्त माझा उशिरा आला.

गावात आठवडाभर कुजबुज चालली. कोणी म्हणालं बाई निर्दय आहे, कोणी म्हणालं उतारवयात डोकं फिरलंय. टपरीवर येऊन एका बाईने तिला सांगून बघितलं, "झालं गेलं विसरावं गो." नंदाने तिच्या पिशवीतल्या शेंगा परत टोपलीत ओतल्या आणि म्हणाली, "दुसरीकडं घे."

प्रणिता महिनाभर बापाकडे गेली नाही. आईशीही नीट बोलायची नाही, फोन करायची आणि गप्प बसायची. एकदा तिने मला विचारलं, "मामी, मला ते आठवत कसं नाही?" मी म्हटलं, बरंच झालं. ती म्हणाली, "बरं नाही झालं. मला आठवत असतं तर मी आईला त्या थेटरात नेलं नसतं." पुढे ती परत जायला लागली, पण वेगळी. त्याच्या जेवणाला तिने नदीकडच्या वाडीतली पारी नावाची बाई लावून दिली आणि पहिल्याच दिवशी बापाला बजावलं, हिच्यावर आवाज चढवलात तर मी यायची बंद.

आणि होळीच्या आसपास तिचा फोन आला. म्हणाली, "आई, बाबा विचारतात, तुझं बोलायचं राहिलं असेल तर ते ऐकतील."

मला वाटलं, नंदा फोन आपटेल. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "राहिलंय. पुष्कळ राहिलंय."

तेव्हापासून जमेल त्या रविवारी ती वरशाला जाते. जेवण बनवायला नाही, पाय चेपायला नाही. डबा नेत नाही, तिथला चहा घेत नाही. खुर्चीत बसते आणि त्याने केलेली एकेक गोष्ट त्याला सांगते. कधी पैंजण गहाण टाकल्याची, कधी हात मोडल्याची, कधी तिच्या बापाच्या तेराव्याला जाऊ दिलं नाही त्याची. एकदा तो म्हणाला, हे मला आठवत नाही. "आठव," म्हणून ती उठून आली. पुढच्या वेळी त्याला आठवलेलं होतं. बाबाजीला हे सगळं अजिबात पसंत नाही, पण आता तो काही बोलत नाही.

परवा मी तिला विचारलं, "बरं वाटतं का गो त्यानं?"

"बरं वाटायला मी काय औषध घ्यायला जाते?" ती फणकारली. मग टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाली, "गेल्या खेपेला रडायला लागला. पारी धावत आली, डोळे पुसायला टॉवेल घेऊन. मी तिला म्हटलं, थांब गो. आणि त्याला म्हटलं, रडायचं ते नंतर रड. माझं बोलून व्हायचंय अजून."